अंगठा आणि तीन बोटं

लहानपणी आजोळी अलिबागला जाताना पनवेल सुटलं की एसटीच्या डाव्या खिडकीसाठी आम्हा भावंडांची मारामारी व्हायची. पळस्पे गेलं, शिरढोण गेलं, की तो दिसायचा. झाडीने मिटलेल्या मुठीतून ताठ वर काढलेला काळा अंगठा. "कर्नाळा ठेंगा दाखवतोय बघा," बाबा म्हणायचे, आणि आम्हीही काचेला नाक लावून त्याला आपापला ठेंगा दाखवायचो. पुढे कॉलेजात असताना गड चढले. सुळक्याच्या पोटात खोदलेल्या टाक्यांतल्या गार पाण्यात हात बुडवले, कड्याला लटकलेली आग्यामोहोळं बघून न बोलता खाली उतरले. अंगठ्याचा आणि माझा हिशेब तिथेच मिटला असं वाटलं होतं.

यंदा जूनच्या तिसऱ्या आठवड्यात गेले ती खाली बघायला.

फाटकावर पिशवीतल्या प्लास्टिकच्या बाटल्यांची मोजणी झाली, अनामत ठेवली. गडाकडे बोट करून तिथला माणूस म्हणाला, "वर निस्तं धुकं हाय ताई. काय दिसायचं नाय." मला वर जायचंच नाही म्हटल्यावर त्याने छत्रीकडे, मग माझ्या बुटांकडे पाहिलं आणि मोरटाक्याची वाट दाखवली. इथल्या दोन निसर्गवाटांपैकी ही एक. दुसरीचं नाव हरियाल.

कर्नाळा १९६८ साली अभयारण्य झालं, राज्यातलं पहिलं पक्षी अभयारण्य. तेव्हा ते जेमतेम साडेचार चौरस किलोमीटरचं होतं. २००३ मध्ये वाढवून १२.११ केलं. त्याच्या अंगावरूनच मुंबई-गोवा महामार्ग जातो. खिंडीत गिअर बदलणाऱ्या मालट्रकांचं कण्हणं वाटेवर बराच वेळ पाठ सोडत नाही. पूर्वी मी त्यावर चिडायचे. आता कळतं, कानालाही चष्म्यासारखी सवय व्हावी लागते. दहा-पंधरा मिनिटांनी ट्रक मागे सरतात आणि पुढे येतं ते पाणी. पानावरून पानावर, पानावरून खोडावर, खोडावरून पाचोळ्यात. मध्येच शीळकरी कस्तुराची शीळ, निरुद्योगी माणसाने रस्त्याने जाता जाता घालावी तशी, सूर धरून लगेच सोडलेली.

खाडीकाठी हल्ली पाणथळीवरून कठड्याच्या पायवाटा बांधतात. बूट कोरडे राहतात आणि चिखल हातभर लांब. कर्नाळ्याच्या नकाशावर पाणथळ नाही. हे डोंगरउतारावरचं पानगळीचं रान, मे महिन्यात खडखडीत, पाऊल टाकलं की पापड मोडावा तसा पाचोळा. पण मृगाचे दोन पाऊस पडले की सगळं रानच पाणथळ होतं. वाटेचा ओढा होतो, ओढ्याची वाट. खाली खाचरांकडे वलगण सुरू झालेली असते. मासे उलट्या धारेने चढत अंडी घालायला नव्या पाण्यात येतात, आणि रात्री बत्त्या घेऊन माणसं त्यांच्या मागे. दगडाखालून मुठे बाहेर पडतात. एक माझ्या बुटाशी आला, नांग्या उगारून उभा राहिला. मीच बाजूने गेले.

मी आले होते तिबोटी खंड्यासाठी. रायगडचा जिल्हापक्षी. चिमणीहून लहान, वजन पंधरा ग्रॅमच्या आसपास, आणि तेवढ्याशा देहावर नारिंगी, जांभळा, निळा, पिवळा असे रंग की कुणी रंगाच्या डब्या संपवायलाच बसलं असावं. बाकीच्या बहुतेक खंड्यांच्या पायाला चार बोटं, याला तीन. म्हणून तिबोटी. पक्ष्याच्या एवढ्या रंगांतून बोटंच मोजून नाव ठेवणारा माणूस मला फार आवडतो. हिशेबी असणार.

हा पावसाबरोबर दक्षिणेकडून कोकणात येतो. प्रवास रात्रीचा, त्यामुळे जूनमध्ये कधी कधी घराच्या भिंतीवर, खिडकीवर आपटून अंगणात निपचित पडलेला सापडतो. आल्यावर घर शोधत नाही, खोदतो. ओढ्याच्या मातीच्या दरडीत नर-मादी आळीपाळीने चोचीने माती उकरतात, पायांनी मागे ढकलतात. सलग हातभर आडवं बीळ तयार होतं. पाऊस उशिरा आला तर दरड कडक, फार आला तर दरड ढासळते, अंड्यांसकट. मधल्या मोजक्या दिवसांत सगळं साधायचं.

ओढ्याच्या एका वळणावर, समोरच्या दरडीपासून बऱ्याच अंतरावर, मी झाडाच्या बुंध्याला टेकून बसले. कॅमेरा मुद्दाम घरी ठेवला होता. मागे एकदा दुसऱ्या एका ओढ्यावर बिळासमोर आठ-दहा तिवया रांगेत पाहिल्या होत्या. चोचीत सरडा धरलेला पक्षी फांदीवर ताटकळत, बिळात जायची हिंमत होईना. त्या रांगेत मीही उभी होते, हे सांगायला हवं. फोटो छान आला होता.

सालीम अलींनी १९३० च्या पावसाळ्यात याच रस्त्याने पुढे गेल्यावर लागणाऱ्या किहीमला सुगरणींचा संसार निरखला. नर एकामागून एक घरटी विणतो आणि पसंत पडेल त्या घरट्यात मादी मुक्काम करते, हे दिवसचे दिवस बसून टिपलं. माझी बैठक दोन तासांची, त्यातही पहिल्या तासाला जळवा लागल्यात का हे चारदा तपासून झालं.

दरडीकडे बघताना गडाची एक गोष्ट आठवत राहिली. १६७० मध्ये शिवाजी महाराजांच्या माणसांनी कर्नाळा घेतला तो मातीचे आडोसे रचत, त्यांच्यामागून पुढे सरकत. बोरघाटाच्या वाटेवर नजर ठेवणारा एवढा उंच पहारा, आणि त्याच्यापुढे फावड्याने उकरलेली माती.

मग बारीक, काच घासल्यासारखी एक 'ची' आली. पाण्यावरून काहीतरी नारिंगी सरळ रेघेत गेलं. दरडीतून मातीचे दोन खडे पाण्यात पडले, टुप, टुप. पुन्हा रेघ. पुन्हा खडे. चोच दिसली नाही, डोळा दिसला नाही, बोटं तर मोजण्याचा प्रश्नच नव्हता. मी दोन तासांत पाहिलं ते एवढंच: दरडीतून पडणारी माती.

परतताना अनामत घेतली आणि पेणकडच्या एसटीसाठी रस्त्याकडेला उभी राहिले. प्लास्टिकचा कागद पांघरून एक कातकरी बाई पळसाच्या पानांवर शेवळांच्या जुड्या मांडून बसली होती.

"गडावर गेलतीस?"

"नाही गं बाय, खालीच. ओढ्याशी."

"पान्यात काय बघाचं?"

रंगीत पक्षी, दरडीत बीळ करतो तो, असं मी सांगायला लागले. तिने पुरतं बोलूच दिलं नाही. ओला अंगठा माझ्यासमोर ताठ धरला. "येवढाच ना? आमच्या वाडीखालच्या वहाळात दर साली असतो."

मी तिच्या मागे डोंगराकडे पाहिलं. धुकं खिंडीपर्यंत उतरलं होतं. तिकडे काहीच नव्हतं.

"जुडीसंगं काकडं घे," ती म्हणाली, "न्हायतर घसा खाजंल." आणि मूठभर हिरवी काकडं जुडीवर टाकून ती पुढच्या गाडीकडे बघू लागली.