शब्दाचे सांधे

८ जुलै, सोमवार

जीएनएम नर्सिंगच्या पहिल्या वर्षाचा वर्ग. बीपीच्या यंत्राचं पूर्ण नाव फळ्यावर लिहिलं : स्फिग्मोमॅनोमीटर. निम्म्याहून अधिक मुली मराठी माध्यमाच्या. बीपी घ्यायला त्या पटकन शिकतील, नाव मात्र तोंडात बसेना. आधी अर्थ फोडून दाखवला. स्फिग्मोस म्हणजे ग्रीकमध्ये नाडीचा ठोका, मॅनोमीटर म्हणजे दाब मोजायचं साधन. दंडाला पट्टा बांधून पाऱ्यावर दाब मोजायची रिवा-रॉचीची रीत १८९६ची, स्टेथोस्कोपने ठोके ऐकायची कोरोटकॉफची १९०५ची. सगळं वहीत उतरलं. वाचायला उभं केलं की पुन्हा 'स्फि'वर गाडी अडते.

९ जुलै, मंगळवार

अडतं ते लिपीपाशी. 'ग्मो' हे एकच अक्षर दिसतं, म्हणून मुली 'स्फि'वर थांबतात आणि 'ग्मो' एका दमात उचलू पाहतात. उच्चारात 'ग्' मागच्या अक्षराला टेकतो : स्फिग्-मो-म-नॉम्-इ-टर. वृत्तं शिकताना जोडाक्षरामागचा लघु गुरू होतो हे सगळ्यांनी पाठ केलंय. तोच नियम इथे कानाने ऐकवला, आणि मागच्या बाकावरच्या मुलीने पूर्ण शब्द खणखणीत म्हटला! फार बरं वाटलं.

जोर 'नॉम्'वर. अर्थाचा सांधा 'मॅनो'नंतर आहे, पण 'मीटर'मधला 'म' जीभ मागे ओढून घेते. एंडोस्कोपीतही तेच : अर्थाने एंडो-स्कोपी, इंग्रजी उच्चाराने एन्-डॉस्-कपी. दोन्ही तुकडे शिकवायलाच हवेत. पहिल्याने शब्द कळतो, दुसऱ्याने तो तोंडातून सुटतो. आपल्याकडे नुसती स्पेलिंगं घोकून घेतात, याचा मला मनापासून राग येतो.

१२ जुलै, शुक्रवार

मेडिसिन वॉर्ड. अर्धांगवायूचे पेशंट पाहिले, तिथेच दोन शब्द समजावले. डिस्फेजिया म्हणजे गिळायला त्रास, डिस्फेझिया म्हणजे बोलायला, शब्द सापडायला त्रास. फरक एका व्यंजनाचा. पहिल्यात 'जिल्हा'तला ज, जीभ टाळूला टेकवून. दुसऱ्यात जीभ न टेकवता घासत सोडलेला आवाज. त्याला मराठीत वेगळं अक्षर नाही, म्हणून आपल्या तोंडी दोन्हींचा बहुधा 'ज'च होतो. ओव्हर देताना, म्हणजे पाळी बदलताना पुढच्या सिस्टरला पेशंटची माहिती सांगताना, हा घोळ झाला आणि गिळता न येणाऱ्याला कुणी तोंडाने पाणी पाजलं, तर ते श्वासनलिकेत उतरून न्यूमोनिया होऊ शकतो.

मुलींना सांगितलं, शब्द नीट म्हणा आणि लगेच जोडून मराठीत सांगा : "सिस्टर, पेशंटला गिळता येत नाही, तोंडाने काही द्यायचं नाही." सोमवारी प्रत्येकीकडून ओव्हर म्हणवून घेणार आहे.