पाण्याचा भार

चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. नातीच्या हट्टापायी माशांची एवढी काचपेटी घरात यायची ठरली, तेव्हा सौ.ने विचारले, "पोर शेजारीच खेळणार. कोसळली तर?" प्रश्न रास्त होता. नऊ घनफूट म्हणजे सुमारे २५५ लिटर पाणी; लिटरला एक किलो. काच आणि वाळू धरता वजन ३०० किलोंच्या वर!

बेळगावच्या उद्यमबागेतला वेल्डर हसून म्हणाला, "नीर भाळ भार ऐत्री, सर!" उभा भार लोखंडी अँगलचे चार पाय सहज पेलतात, भीती असते ती बाजूच्या धक्क्याची. चौकोन कलतो, त्रिकोण कलत नाही. म्हणून त्याने मागे व दोन्ही बाजूंना तिरक्या पट्ट्या जोडल्या. गंजू नये म्हणून रेड ऑक्साइड फासले. घरी पाणसळ लावून स्टँड समतल केला. उंचसखल जागी काच तडकते, म्हणून वर फळी आणि थर्मोकोल घातला. मी खांदा लावून ढकलून पाहिले. स्टँड हलला नाही. मगच सौ.ने होकार दिला.

भूमिती मी मराठीत शिकवली, तो कानडीत शिकला. त्रिकोण मात्र दोघांचा एकच निघाला.