जुन्नरची गाडी

पुण्याहून जुन्नरास आगगाडी जात नाहीं, हें वाचकांस सांगावयास नकोच. तथापि गेल्या माघांत आम्ही सहकुटुंब जुन्नरास गेलों, तेव्हां आमच्या सामानांत एक सबंध आगगाडी होती. इंजिन एक, डबे चार. ती आमच्या धाकट्या नातवाची. कोथरूडांत श्री. भाऊसाहेब जोशी यांनीं उभारलेलें, १९९८ सालीं खुलें झालेलें छोट्या रेल्वेचें संग्रहालय त्यास दाखविल्यापासून घरांत दुसरा विषय उरला नव्हता. जुन्नरास आमचे चुलते असतात. वय नव्वदीच्या घरांत. लहानथोर सारीं त्यांना आबाच म्हणतात. 'इकडे गाडी आली म्हणजे पहिलें तिकीट मी काढणार' हें त्यांचें वाक्य आम्ही लहानपणापासून ऐकत आलों. नातवानेंही तें ऐकलें होतें, व आबांस जुन्नरचें नांव लावलेली गाडी दाखवावयाची असा त्याचा निश्चय होता.

नांव लावणें वाटतें तितकें सोपें नाहीं. खऱ्या डब्याच्या बाजूस लोखंडी खोबणींत नांवाची पाटी अडकविण्याची रीत रेल्वेंत फार वर्षें चालत आली. पाटी बदलली कीं तोच डबा दुसऱ्या गांवचा होतो. मुलाला तसेंच हवें होतें. आम्हीं आधीं कागदी अक्षरें डिंकानें चिकटविलीं. काढतांना रंगाचे पोपडे निघाले. मग लोहचुंबकाची युक्ति सुचली. चुंबकाची भुकटी रबरांत मिसळून केलेली पातळ पट्टी बाजारांत मिळते, ती कात्रीनें सहज कापतां येते. परंतु डबे पडले प्लॅस्टिकचे. त्यांस चुंबक धरीत नाहीं. पितळ व ॲल्युमिनियम यांचीही तीच गत. तेव्हां बिस्किटांच्या जुन्या डब्याचा पत्रा कापला, कडा कानशीनें घासल्या, आणि दिसूं नये म्हणून तो डब्याच्या आंतून चिकटविला. पाटी घसरून खालीं! मधल्या भिंतीची जाडी ती काय, जेमतेम दोन मिलिमीटर. पण या चुंबकाची ओढ अंतराबरोबर इतक्या झपाट्यानें कमी होते कीं तेवढीही तिला भारी झाली. अखेर पत्रा बाहेरून लावून त्यास डब्याचाच रंग दिला. एकाच बाजूस लावला तेव्हां वळणावर डबा कलंडला. दोन्ही बाजूंस, खिडक्यांच्या खालीं लावल्यावर नीट चालूं लागला.

आमच्या लिपीचा एक गुण या उद्योगांत नव्यानें ध्यानांत आला. रोमन अक्षरें एकेक सुटीं कापावीं लागतात आणि सतरंजीखालीं हरवतात. 'जुन्नर' हा शब्द शिरोरेघेनें बांधलेला. वरची रेघ अखंड ठेवून कापला कीं सबंध एका तुकड्यांत हातीं येतो. एकत्र कुटुंबाची लिपि ती! खालचा उकार तेवढा नाजूक. तो दोनदां तुटला.

वाटेंत नारायणगांवाहून खोडदकडे वळलों. तेथील अजस्र रेडिओ दुर्बीण डॉ. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकारानें उभी राहिली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. त्यांपैकीं १४ मध्यभागीं जवळजवळ, बाकीच्या तीन शाखांनीं दूरवर पसरलेल्या. आकाशांतून येणाऱ्या लहरी इतक्या क्षीण कीं जवळपासच्या विद्युत्‌यंत्रांचा गोंगाट त्यांस सहज बुडवितो. पुणें-नाशिक रेल्वे मंचर-नारायणगांवावरून नेण्याचा बेत याच कारणास्तव अडला, आणि २०२५ सालीं रेल्वेखात्यानें मार्ग बदलण्याचें ठरविलें. या बाजूच्या लोकांनीं मूळ मार्गाचा आग्रह धरला. गाडी जुन्नर शहरांतून जाणार नव्हतीच. पण नारायणगांव आबांस पुरेसें जवळ होतें. आम्हांस दोन्ही पक्ष खरे वाटतात, आणि म्हणूनच त्या तबकड्यांकडे पाहत असतां नातवानें 'मग आबांची गाडी?' म्हणून विचारलें, तेव्हां आमच्यापैकीं कोणींच उत्तर दिलें नाहीं.

सायंकाळीं ओसरीवर रूळ मांडले. आबा खुर्ची ओढून बसले, आणि गाडी वीस-पंचवीस फेरे फिरेपर्यंत उठले नाहींत. रेल्वेची गोष्ट त्यांनीं काढली नाहीं, आम्हींही नाहीं.

दुसरे दिवशीं नाणेघाट. सातवाहनांच्या काळीं कोंकणांतून जुन्नराकडे माल चढत असे तो या वाटेनें. घाटमाथ्यावरचा दगडी रांजण जकातीचा म्हणून दाखवितात. लेण्याच्या भिंतींवर राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपींतला लेख आहे. त्यांतील आंकडे आपल्या देशांतील अतिप्राचीन आंकड्यांत मोडतात. आंतल्या भिंतीवर राजघराण्यांतील माणसांच्या मूर्ति होत्या व प्रत्येकीच्या डोक्यावर तिचें नांव कोरलेलें होतें. मूर्ति गेल्या, पायांच्या खुणा तेवढ्या उरल्या. नांवें मात्र बरीचशीं वाचतां येतात. नातू पुष्कळ वेळ वर पाहत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे डबे गेले, पाट्या राहिल्या."

रात्रीं जेवतांना त्यानें हें आबांस सांगितलें. आबा हंसले. "मग आंबेगांवची पण एक पाटी कर," ते म्हणाले.

"तिथें स्टेशन आहे?"

"स्टेशन नाहीं, आणि गांवही नाहीं. जुनें आंबेगांव डिंभे धरणाच्या पाण्याखालीं गेलें. तालुक्याची कचेरी घोडेगांवांत. पण तालुका अजून आंबेगांवच."

पाणी उतरलें म्हणजे तिथें काय दिसतें, हें मुलानें दोनतीनदां विचारलें. आबांनीं पान लावावयास घेतलें.

निघावयाच्या सकाळीं आबांनीं चौथ्या डब्यावरची 'जुन्नर' पाटी मागून घेतली. "पेपर मीही वाचतों रे," एवढेंच आमच्याकडे न पाहतां म्हणाले. पाटी त्यांनीं पानाच्या डब्याच्या झांकणावर लावून पाहिली, ती पडली.

"आबा, तें पितळ आहे. लोखंड हवें," नातू म्हणाला.

आबा काठी टेकीत उठले व देवघराशेजारच्या जुन्या तिजोरीच्या दारावर त्यांनीं ती लावली. उकार जरा वांकडा बसला होता, तो बोटानें सरळ केला. "गाडी आली कीं घेऊन जा," ते म्हणाले.

परत आल्यावर आम्हीं दुसरी पाटी कापून देऊं केली. मुलानें ती घेतली नाहीं. चौथा डबा तसाच, बिननांवाचा, गाडीच्या शेवटीं फिरत असतो.