विजेसाठी स्थळ

दिवे गेले की मराठी माणसाला कंठ फुटतो. पंखा चालू असताना जो गृहस्थ 'हं'च्या पुढे जात नाही, तो अंधार पडताच राष्ट्राच्या ऊर्जाधोरणावर बोलू लागतो. शिवाय अंधारात श्रोत्यांची तोंडं दिसत नाहीत, ही वक्त्याची केवढी मोठी सोय!

आमचे साडू निवृत्तीनंतर मुळशी तालुक्यात पौडला घर बांधून राहिले आहेत. गेल्या आषाढात आम्ही त्यांच्याकडे गेलो. ताम्हिणीकडून पाऊस आला, कुठंतरी झाड तारांवर पडलं आणि दिवे गेले. "धरणाच्या उशाला राहून ही गत!" सौ. म्हणाली. झालं, साडूंना विषय मिळाला. मेणबत्ती आली, कागद आला, कागदावर रकाने पडले.

वीज कशापासून करावी हे ठरवणं म्हणजे मुलीसाठी स्थळं पाहणं होय, हे मला त्या रात्री पटलं. निर्दोष स्थळ नसतंच. कोणता दोष चालवून घ्यायचा, एवढंच आपल्या हाती.

पहिलं स्थळ कोळशाचं. चंद्रपूर-कोराडीचं जुनं घराणं, दिवसपाळी-रात्रपाळी दोन्हीला तयार. पण आहार भीमाचा! एका युनिटला सहा-सातशे ग्रॅम कोळसा खाणार आणि किलोभर कार्बन डायॉक्साइड सोडणार. त्यात आपल्या कोळशाचा तिसरा हिस्सा राखच.

दुसरं अणूचं. तारापूरला 1969 पासून नांदतं आहे. नैसर्गिक युरेनियमवर चालणाऱ्या भट्टीला एका युनिटमागे वीसएक मिलिग्रॅम पुरतं. इतका मिताहारी जावई कुणाला नको? "पण त्याचं उष्टं हजारो वर्षं सांभाळायचं कुणी?" मेव्हणीबाईंनी विचारलं. सासरी खरकटं काढण्याचा त्यांचा अनुभव दांडगा आहे.

तिसरं सूर्याचं. खाणं नाही, धूर नाही; खर्च काय तो सुरुवातीलाच. एक किलोवॉटचं पॅनेल दिवसाला साधारण चार युनिट देतं. पण स्वारी संध्याकाळी सहाला ऑफिस बंद करते आणि मुळशीच्या आषाढात तर आठवडा-आठवडा रजेवर असते. उलट साताऱ्याकडच्या चाळकेवाडीच्या पठारावरचा वारा नेमका पावसाळ्यातच अंगात आल्यासारखं काम करतो. "म्हणजे हे दोघे भाऊ एकत्र कुटुंबातच द्यावेत," साडू म्हणाले. एकाची रजा तेव्हा दुसऱ्याची हजेरी!

राहिलं पाण्याचं. इथं साडू रंगात आले. पाच मजली इमारतीवरची हजार लिटरची टाकी पार रिकामी केली, तरी त्यातून नऊ वॅटचा दिवा जेमतेम चार तास जळेल. पण तेच हजार लिटर मुळशीहून घाटाखाली भिऱ्याला, सुमारे 500 मीटर खाली सोडलं, की युनिटभराहून थोडी जास्तच वीज मिळते. म्हणजे किंमत जितकी पाण्याची, तितकीच पडण्याची. पडण्याला इतका भाव राजकारणाखेरीज दुसरीकडे नाही.

भीमेला मिळून बंगालच्या उपसागराकडे जाणारं हे पाणी बोगद्यातून कोकणात उतरवलं आहे. भिऱ्याचं टाटांचं वीजकेंद्र 1927 पासून चालू आहे. 1997 मध्ये तिथं 150 मेगावॉटचं असं यंत्र आलं, की वीज शिल्लक असली म्हणजे खालचं पाणी पुन्हा वर चढवायचं आणि टंचाईच्या वेळी सोडायचं. चढवायला लागते त्याहून कमीच वीज परत मिळते. ठेवीपेक्षा परतावा कमी अशी ही बँक. पण अडीनडीला देते, हे काय कमी?

"इंधन फुकट, धूर नाही, शंभर वर्षं नोकरीत! पैकीच्या पैकी," साडूंनी निकाल दिला.

शेजारचे आजोबा इतका वेळ तंबाखू मळत बसले होते. ते म्हणाले, "सायेब, आमचं गाव कंच्या रकान्यात मांडलंसा?"

साडूंची पेन्सिल थांबली.

"आमच्या आज्याचं आंबेमोहराचं खाचर हाय त्या पाण्याखाली."

16 एप्रिल 1921, रामनवमी. त्या दिवशी मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला. 'जान किंवा जमीन' म्हणत मावळातली माणसं धरणाच्या कामावर जाऊन बसली. सेनापती बापटांनी तुरुंग भोगला. 1924 पर्यंत लढा चालला, मग मोडला, धरण झालं. मुंबईच्या ज्या गिरण्यांना ती वीज हवी होती, त्यांतल्या बहुतेक आता बंद आहेत. खाचरं मात्र वर आली नाहीत.

धरण नको होतं, असं आजोबा म्हणाले नाहीत. त्यांच्याही घरात टीव्ही आहे. त्यांनी रकाना तेवढा विचारला. आणि तो कोळशाच्या खाणीलाही लागतो, अणुभट्टीलाही, माळरान व्यापणाऱ्या पॅनेलांनाही. स्थळ कुठलंही पाहा, देण्याघेण्याची बोलणी करताना देणाऱ्यालाच बैठकीला बोलवायचं राहून जातं.

पुण्याला परतल्यावर मी विजेचं बिल प्रथमच नीट वाचलं. स्थिर आकार आहे, वहन आकार आहे, इंधनाचाही आकार आहे. खाचराचा आकार कुठं दिसला नाही.