सर, ९१ म्हणजे चांगले का?

सीईटीचा निकाल लागला की दोन-तीन दिवस माझा फोन थांबत नाही. पालकांचा प्रश्न एकच असतो, "सर, इतके पडलेत, चांगले का?" पूर्वी मी लगेच उत्तर द्यायचो. आता आधी मीच चार प्रश्न विचारतो. काहींना वाटतं, सर टाळतायत.

मागे असेच तासगावकडचे एक द्राक्ष बागायतदार आले होते. मुलगी आमच्याच ज्युनिअर कॉलेजची. निकालाच्या संध्याकाळी पेढे देऊन गेले होते, तिसऱ्या दिवशी तोंड उतरवून परत आले. पुण्याच्या पाहुण्यांनी फोनवर सांगितलं होतं, "९१ ला काय मिळतंय आता? मॅनेजमेंट कोट्यातून घ्या, माझ्या ओळखीचा माणूस आहे." शनिवारपर्यंत ५० हजार टोकन द्यायचं ठरलंसुद्धा होतं. बेदाण्याचे पैसे नुकतेच आले होते, ते तिकडे जाणार होते.

"सर, एवढंच सांगा. चांगले का वाईट?"

मी म्हटलं, "दादा, पहिली गोष्ट, हे ९१ टक्के नाहीत." पेपर २०० गुणांचा असतो. गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी २ गुण. फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे ५०-५०, प्रत्येकी १ गुण. चुकलं तर गुण कापत नाहीत. पण पेपर बरेच दिवस, वेगवेगळ्या सत्रांत चालतो. कुणाला सोपा जातो, कुणाला अवघड. म्हणून त्या-त्या सत्रातल्या मुलांमध्येच तुलना करतात. ९१ पर्सेंटाइल म्हणजे तिच्या सत्रातल्या १०० पैकी ९१ मुलांचे गुण तिच्याएवढे किंवा तिच्यापेक्षा कमी. तिला स्वतःला गुण किती, हे त्यातून कळतच नाही. (आणि एकूण पर्सेंटाइल हे तीन विषयांच्या पर्सेंटाइलची सरासरी नसतं, एकूण गुणांवरून वेगळं काढतात. यावरून दरवर्षी कुणीतरी "निकाल चुकलाय" म्हणत येतंच.)

दादा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे बेदाण्याच्या सौद्यागत. माझा माल कसलाय यापेक्षा त्या दिवशी बाकीच्यांचा कसला आलाय, त्यावर दर."

इतकी वर्षं शिकवतोय, इतकं सोपं उदाहरण मला सुचलं नव्हतं.

मग कागदावर हिशेब मांडला. समजा ३ लाख मुलं बसली. ९९ ला पुढे साधारण ३ हजार, ९५ ला १५ हजार, ९१ ला २७ हजार. वरती एकेका पर्सेंटाइलला तीन हजार मुलं दाटीनं उभी. आकडा बघून ते पुन्हा घाबरले. पण पुढची २७ हजार मुलं सगळी एकाच कॉलेजच्या दारात नसतात. काही जेईईतून बाहेर जातात, काहींना मुंबई-पुणंच हवं असतं, बहुतेकांना कॉम्प्युटर हवा असतो. हिला इलेक्ट्रिकल चालणार होतं, जवळचं कॉलेज हवं होतं.

इथे मला माझी चूक सांगितली पाहिजे. २०१९ ला परीक्षा पहिल्यांदा संगणकावर झाली आणि पर्सेंटाइल आलं. माझा एक विद्यार्थी ८८ घेऊन आला. माझ्या डोक्यात बारावीचे टक्के. म्हणालो, "अरे वा! मोठी कॉलेजं टाक बिनधास्त." त्यानं माझ्या भरवशावर आठच नावं भरली, सगळी वरची. एकाही फेरीत काही लागलं नाही. उरलेल्या जागांमधून, नको असलेल्या शाखेत, घरापासून लांब प्रवेश घ्यावा लागला. घरच्यांनी मला एका शब्दानं बोल लावला नाही. तेच जास्त लागलं.

म्हणून आता निकालाशेजारी आदल्या वर्षीची कटऑफची पीडीएफ उघडूनच बसतो. तिथे एलओबीसीएच, जीओपनओ असली अक्षरं बघून पालक पीडीएफ बंद करतात. एल म्हणजे मुलींच्या जागा, जी म्हणजे सर्वसाधारण. मध्ये प्रवर्ग. शेवटी एच म्हणजे आपल्या विद्यापीठ क्षेत्रातल्यांसाठी, ओ म्हणजे बाहेरच्यांसाठी, एस म्हणजे राज्यस्तरावर. सांगली, कोल्हापूर, साताऱ्यातून बारावी केली तर आपलं क्षेत्र शिवाजी विद्यापीठाचं. जिथे हा नियम लागू आहे तिथे ७० टक्के जागा आतल्यांना. त्याच कॉलेजच्या त्याच शाखेत दोन रकान्यांत किती फरक असतो, हे दादांनी स्वतः बोट ठेवून पाहिलं. तिथे पर्सेंटाइलच्या वर मेरिट नंबरही असतो. मेरिट लिस्ट लागली की मी तोच जास्त बघतो, कारण जागा नंबरानं भरतात. अर्थात कटऑफ म्हणजे गेल्या वर्षी शेवटी आत गेलेला मुलगा; यंदा रांग पुढे-मागे होणारच.

मग मी उत्पन्नाचा दाखला विचारला. मुलगी ओबीसी, उत्पन्न ८ लाखांच्या आत. २०२४-२५ पासून ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या अशा मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी राज्य सरकार माफ करतं. पण कॅपमधून प्रवेश घेतला तरच. मॅनेजमेंट कोट्याला ही सवलत नाही. पुण्याच्या माणसानं हे सांगितलं नव्हतं.

दादांनी तिथूनच पाहुण्यांना फोन लावला. "शनिवारचं राहू द्या. सर आणि मी बघतोय."

मेरिट नंबर लागल्यावर तिनं यादी माझ्यासमोर भरली, ४२ पर्याय. वर तीन-चार लांब उडीचे, मधे गेल्या वर्षीच्या कटऑफच्या आसपासचे, खाली हमखास मिळणारे. पण जिथे जायचंच नाही असं एकही नाव नाही. पहिल्या फेरीत सोळाव्या नंबरचा पर्याय आला. इलेक्ट्रिकल, घरून एसटीनं तासाभरावर. दादांचा फोन आला, "सर, चांगलं का?"

मी म्हटलं, "तिला विचारा."