रेषेपाशी दिलेली हजेरी

आमच्या वसतिगृहाच्या अभ्यासिकेत, पुस्तकांच्या कपाटावर, तवांगच्या मठाचे एक चित्र टांगलेले असे. कुणीतरी जुन्या दिनदर्शिकेतून कापून ते चौकटीत बसवले होते. रात्रीच्या अभ्यासात डोळे पेंगू लागले की आम्ही त्या डोंगरांकडे पाहत राहत असू. अधीक्षक सर म्हणत, "तिथे जायला परवानगी लागते. तुम्हाला तर बाजारात जायलाही माझी सही लागते. तेव्हा सवय आहेच."

१९९१ साली दहावी होऊन आम्ही पांगलो. अठ्ठावीस वर्षांनंतर, २०१९ मध्ये, आमच्या तुकडीतील सहाजणांनी सरांना तवांगला नेण्याचे ठरवले. सर तेव्हा शहात्तर वर्षांचे होते.

अरुणाचल प्रदेशात जाण्यासाठी इतर राज्यांतील भारतीयांना इनर लाइन परमिट घ्यावे लागते. अर्जात नाव, पत्ता, प्रवासाची ठिकाणे व तारखा भरावयाच्या, सोबत छायाचित्र व ओळखपत्र जोडावयाचे. काम साधेच; परंतु आमच्या मनात किंतु होता. आपल्याच देशात फिरायला परवानगी कशासाठी? ज्या समाजाला १९२७ साली महाडच्या चवदार तळ्याच्या पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, त्या समाजातील आम्हा मुलांना 'परवानगी' हा शब्दच टोचतो.

सहाजणांचे परवाने आले. सरांचा अर्ज मात्र परत आला. अर्जातील नाव व ओळखपत्रातील नाव जुळत नव्हते. चूक आमचीच होती. ज्या नावाने आम्ही सरांना आयुष्यभर ओळखत आलो, ते नाव आम्ही ओळखपत्र न पाहताच लिहून टाकले होते. ओळखपत्रावर त्यांचे जुने आडनाव होते; ज्याच्या उच्चाराबरोबर गावात माणसाची जागा ठरवली जाई, ते आडनाव. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी सर वडिलांबरोबर नागपूरला दीक्षेला गेले, तेव्हा ते तेरा वर्षांचे होते. परत आल्यावर वडिलांनी ते आडनाव टाकून गावाचे नाव लावले. शाळेच्या दाखल्यावर मात्र जुनेच राहिले, दाखल्यावरून सेवापुस्तकात गेले आणि सेवापुस्तकावरून निवृत्तिवेतनाच्या कागदांत. हे आम्हाला कधी ठाऊकच नव्हते.

आम्ही सुचवले, "सर, आधी राजपत्रात नाव बदलून घेऊ, मग जाऊ." ते हसून म्हणाले, "राजपत्र येईपर्यंत माझे गुडघे थांबतील का रे? लिहा जुनेच. जाणारा माणूस तोच आहे." आम्ही लिहिले. लिहिताना हात जड झाला, हे येथे नोंदवलेच पाहिजे.

ऑक्टोबरात आम्ही आसामातून भालुकपाँगच्या तपासणी नाक्यावर पोहोचलो. शिपाई एकेक परवाना पाहून नाव वाचू लागला. सरांचे जुने आडनाव मोठ्याने उच्चारले गेले आणि आम्ही सहाही जण खाली पाहू लागलो. सर क्षणभर स्तब्ध राहिले. मग वर्गात मुले देतात तशा स्वरात म्हणाले, "हजर." शिपायाने हसून परवाना परत दिला व फाटक वर केले.

बोमदिला, दिरांग करीत तिसऱ्या दिवशी सुमारे १३,७०० फुटांवरील सेला खिंड ओलांडताना सरांना धाप लागली. कापराची पुरचुंडी नाकाशी धरून ते डोळे मिटून बसले. पुढे तवांगहून चीनच्या सीमेवरील बुमला खिंडीत जाण्यासाठी आणखी एक वेगळा परवाना लागतो. तोही आम्ही काढला. पण ती खिंड १५,००० फुटांहून उंच. सर म्हणाले, "मी थांबतो, तुम्ही जाऊन या." सरांची आज्ञा आम्ही तेवढी एकदाच मोडली. तो दिवस आम्ही त्यांच्यासोबत मठात काढला.

सतराव्या शतकात मेराक लामा लोद्रे ग्यात्सो यांनी स्थापलेला हा मठ. तेथील छोटे भिक्खू पाठ म्हणत होते, एक पेंगत होता, दुसरा त्याला कोपराने ढोसत होता. आम्हाला आमची अभ्यासिका आठवली. सरांनी दारातील वृद्ध लामांना हिंदीत विचारले, "आत बसू का?" त्यांनी हात धरून आत नेले. तथागतांच्या भव्य मूर्तीसमोर आम्ही हलक्या आवाजात त्रिसरण-पंचशील म्हटले.

बाहेर पायऱ्यांवर बसल्यावर आम्ही मनातला किंतु बोलून दाखवला. सर म्हणाले, "ही रेषा इंग्रजांनी १८७३ च्या कायद्याने आखली, ती त्यांच्या व्यापाराच्या सोयीसाठी. पण आज ती या लहान लहान जमातींच्या जमिनीवर बाहेरच्यांनी कब्जा करू नये म्हणून आहे. घरात शिरण्यापूर्वी कडी वाजवावी, त्यात अपमान कसला? १९५९ साली दलाई लामाही भारत सरकारची अनुमती मिळाल्यावरच सीमा ओलांडून याच तवांगला आले." मग थोडे थांबून म्हणाले, "आमच्या लहानपणीच्या रेषांपाशी आडनाव ऐकले की दार बंद होई. परवा त्या नाक्यावर तेच आडनाव वाचले आणि फाटक उघडले. मला ते एकदा पाहायचे होते."

परतल्यावर आम्ही सहाजणांनी प्रतिज्ञापत्रापासून सर्व कागद जमवून सरांचे नाव राजपत्रात प्रसिद्ध करून घेतले. सरांनी ते पान आणि तवांगचा परवाना एकाच फायलीत लावले आहेत. एकावर वडिलांनी दिलेले नाव आहे, दुसऱ्यावर टाकून दिलेले. "दोन्ही जपा," ते म्हणाले, "पुढच्या मुलांना दाखवायला लागतील."

अभ्यासिकेतील ते चित्र आता फिकट झाले आहे. ते बदलू नये, एवढीच आमची विनंती.