मंगोलियातील विवाह : नव्या चुलीचा संस्कार

मंगोलिया हा देश क्षेत्रफळाने महाराष्ट्राच्या सुमारे पाचपट आहे. लोकसंख्या मात्र जेमतेम ३५ लाख. उत्तरेस सैबेरियाला भिडलेली अरण्ये, दक्षिणेस गोबीचे वाळवंट आणि या दोहोंच्या मध्ये क्षितिजापर्यंत पसरलेली गवताळ मैदाने. हिवाळ्यात पारा शून्याखाली तीस अंशांपर्यंत उतरतो आणि शेतीला योग्य जमीन फार थोडी. त्यामुळे घोडा, उंट, गाय अथवा याक, मेंढी आणि शेळी या पाच प्रकारच्या पशुधनावरच येथील जीवन शतकानुशतके उभे राहिले. चाऱ्यामागे जनावरे, जनावरांमागे माणसे आणि माणसांबरोबर घरदेखील, असे स्थलांतर वर्षातून अनेकदा घडते. ज्यांचे घरच एका जागी राहत नाही, त्यांच्या कुळाचे सातत्य कशावर टिकते? या प्रश्नाचे उत्तर तेथील विवाहविधींत सापडते.

त्यासाठी प्रथम त्या घराची रचना समजून घ्यावी लागते. ‘गेर’ या वर्तुळाकार निवासाला लाकडी पट्ट्यांच्या, मिटता येणाऱ्या जाळीच्या भिंती असतात. त्यांवरून छत्रीच्या काड्यांप्रमाणे वासे मध्याकडे जातात आणि ‘तोनो’ नावाच्या गोल झरोक्यात अडकतात. वरून लोकरीच्या जाड नमद्याचे आच्छादन. दार दक्षिणेकडे, समोरची उत्तर बाजू मानाची आणि देव्हाऱ्याची, पश्चिमेस पुरुष व पाहुणे, पूर्वेस स्त्रिया आणि स्वयंपाकाची भांडी. बरोबर मध्यभागी चूल. उंबरठ्यावर पाय ठेवणे, विस्तवात कचरा टाकणे, त्यावर पाणी ओतणे किंवा त्याच्या दिशेने सुरीचे टोक धरणे निषिद्ध मानले जाते. गेर उभारण्याच्या या पारंपरिक कौशल्याला २०१३ साली युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले.

विवाह जुळवताना पहिली चौकशी ‘हाडा’ची होते. पित्याकडून आलेल्या वंशाला मंगोल भाषेत ‘यस’, म्हणजे हाड, म्हणतात. एका हाडाच्या मुलामुलींत सोयरीक होत नाही. आपल्याकडील सगोत्र विवाहाच्या निषेधाची येथे सहज आठवण होते. या नियमामुळे सून दुसऱ्या कुळातून, बहुधा दूरच्या कुरणांवरून येई आणि दोन कुळांत मैत्रीचा सेतू बांधला जाई. तेराव्या शतकातील ‘मंगोलांचा गुप्त इतिहास’ या ग्रंथात चंगीझखानाच्या सोयरिकीची हकिकत आहे. बालपणीचे त्याचे नाव तेमुजिन. तो नऊ वर्षांचा असताना पिता येसुगेई त्याच्यासाठी वधू शोधावयास निघाला आणि वाटेत ओंगिरात कुळातील देई सेचेन याच्या घरी थांबला. त्याची कन्या बोर्ते तेमुजिनहून एका वर्षाने मोठी होती. सोयरीक ठरली. शब्दाची खूण म्हणून येसुगेईने आपला जोडघोडा ठेवला आणि मुलालाही व्याह्याच्या घरी ठेवले.

पुढे विवाहानंतर बोर्तेच्या माहेराकडून काळ्या सेबलच्या कातड्याचा एक मौल्यवान झगा आला. तेमुजिनने तो स्वतः वापरला नाही. पित्याचा जुना स्नेही, केराइत जमातीचा प्रमुख तोग्रुल, याला त्याने तो नजर केला आणि त्याचा पाठिंबा मिळवला. काही काळाने शत्रूंनी बोर्तेला पळवून नेले, तेव्हा तिला सोडवण्यासाठी याच तोग्रुलचे सैन्य उपयोगी पडले. माहेरून आलेली वस्तू पेटीत न राहता संबंध जोडण्यास खर्ची पडली आणि तीच संकटात तिच्या कामी आली.

मागणी घालण्याची रीत आजही साधी आणि अर्थपूर्ण आहे. वरपक्षाकडील वडीलधारी मंडळी ‘खदग’ नावाचे रेशमी उपरणे घेऊन वधूच्या घरी जातात. त्याचा निळा रंग हा चिरंतन आकाशाचा रंग. वधूपित्याने खदग स्वीकारले की शब्द दिला गेला. त्यानंतर पंचांग जाणणाऱ्या लामाकडून मुहूर्त काढला जातो. प्रांताप्रांतांत तपशील निराळे असले, तरी बऱ्याच भागांत नवे गेर उभारण्याचा भार वरपक्षावर आणि आतील सामानाचा वधूपक्षावर असतो. विवाहप्रसंगी मुलाला जनावरांतील हिस्सा मिळतो. सर्वांत धाकटा पुत्र मात्र आईवडिलांच्या चुलीपाशी राहतो. प्राचीन मंगोल समाजात त्याला ‘ओत्चिगिन’, म्हणजे अग्नीचा स्वामी, ही संज्ञाच होती.

चीनच्या अंतर्गत मंगोलियातील ओर्दोस प्रदेशात वर आजही धनुष्यबाण घेऊन वधूच्या दारी येतो. करवल्या त्याला अडवतात, पद्यात प्रश्न विचारतात आणि उत्तरे मिळाल्याखेरीज आत सोडत नाहीत. वधूच्या केसांचा भांग काढून दोन वेण्या घालणे ही विवाहित जीवनाची खूण. पाठवणीच्या वेळी माता निघालेल्या लेकीच्या मागे दुधाचे थेंब शिंपडते. श्वेत वर्ण येथे पावित्र्याचा. दूध, दही, वाळवलेले चक्के यांना ‘पांढरे अन्न’ म्हणतात. शीतप्रदेशातील मेजवानीत मांस आणि घोडीच्या आंबवलेल्या दुधाचे पेय ही असतेच. परंतु आशीर्वादासाठी पात्र भरते ते दुधाचे.

सर्व विधींचा गाभा गृहप्रवेशात आहे. वराच्या आईवडिलांच्या चुलीतील विस्तव नव्या गेरमध्ये आणला जातो. वधू नवी चूल पेटवून तिला नमस्कार करते आणि अग्नीला लोण्याची आहुती देते. मग ती मीठ घातलेला दुधाचा पहिला चहा करते. पहिला अंश अग्नीला व आकाशाला; त्यानंतर सासूसासऱ्यांना आणि पाहुण्यांना. आकाशाला अर्पण करण्यासाठी नऊ खळगे कोरलेली ‘त्सात्सल’ ही लाकडी पळी वापरतात. त्या क्षणापासून ती त्या घराची स्वामिनी. घर मोडून उंटावर लादले जाईल, कुरण बदलेल. चूल मात्र प्रत्येक मुक्कामी प्रथम मांडली जाईल.

विसाव्या शतकात या परंपरेवर मोठा आघात झाला. १९२० च्या दशकात साम्यवादी राजवटीने कुळनामांचा वापर बंद केला. ज्या हाडाच्या आधारे सोयरीक ठरे, त्याचीच ओळख दोन-तीन पिढ्यांत पुसट झाली. १९९० च्या लोकशाही परिवर्तनानंतर कुळनामे पुन्हा सुरू झाली, तेव्हा अनेकांना आपले मूळ नाव सांगता येईना. पुष्कळांनी चंगीझखानाचे ‘बोर्जिगिन’ हेच नाव लावले. एकच नाव हजारो घरांना लागल्यावर सोयरीक ठरवण्यास त्याचा उपयोग उरला नाही.

आज देशातील जवळजवळ निम्मी लोकसंख्या राजधानी उलानबातरमध्ये एकवटली आहे. ‘झुद’ म्हणजे भीषण हिवाळ्यात जनावरे गमावलेली कुटुंबे शहराच्या कडेला कुंपण घालून तेथेच गेर उभारतात. शहरी तरुण विवाह-नोंदणीच्या सभागृहात सही करतात; अनेकजण त्या दिवशी पारंपरिक ‘देल’ हा लांब अंगरखा आवर्जून घालतात. बहुमजली इमारतीतील विजेच्या शेगडीवर अग्नी दिसत नाही. तरीही अनेक घरांतील गृहिणी सकाळचा पहिला चहा स्वतः न घेता त्याचे थेंब आकाशाकडे उडवते. व्यापारानिमित्त पिढ्यान्‌पिढ्या गाव बदलूनही घरचे आचार सोबत नेणाऱ्या कुटुंबांना या कृतीचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.